जोवाईची युनिटेरियन मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला शिकले ते युनिटेरियन शिष्यवृत्तीवर, एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. पण हे युनिटेरियन कोण आणि भारतात ते आहेत का, असं विचारलं की पुढे बोलणं थांबतं. ते भारतात आहेत. मेघालयातल्या जोवाई गावात १८८७ साली एका तरुणाच्या घरात त्यांची उपासना सुरू झाली आणि आजही ती चालू आहे. या मंडळीविषयी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत.

युनिटेरियन म्हणजे नेमकं काय मानणारे लोक?

ख्रिस्ती धर्मातल्या बहुतेक पंथांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच देवाचं त्रिविध रूप मानलं जातं, यालाच त्रैक्य म्हणतात. युनिटेरियनांना ते मान्य नाही. देव एकच आहे, आणि येशू हा थोर शिकवण देणारा माणूस आहे, असं ते धरून चालतात. सोळाव्या शतकात युरोपात असं बोलणं जिवावर बेतायचं. त्यातल्या त्यात आसरा मिळाला तो ट्रान्सिल्व्हानियात, म्हणजे आजच्या रोमानियातल्या एका प्रांतात. १५६८ मध्ये तोर्दा इथे भरलेल्या सभेने प्रत्येक धर्मोपदेशकाला आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मुभा दिली. तिथला युनिटेरियन नेता फेरेन्त्स डाविड पुढे १५७९ साली देवा या गावच्या किल्ल्यात कैदेतच वारला.

इंग्लंडमध्ये लंडनच्या एसेक्स स्ट्रीटवर १७७४ मध्ये उघडपणे युनिटेरियन उपासना सुरू झाली, तरी त्रैक्य नाकारणं कायद्याने गुन्हा राहिलंच. ती तरतूद १८१३ मध्ये गेली. अमेरिकेत विल्यम एलरी चॅनिंग यांनी १८१९ साली बाल्टिमोरला दिलेल्या प्रवचनाने या विचाराला ठाम रूप दिलं. चॅनिंग हे नाव लक्षात ठेवा, जोवाईच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

मग हे ख्रिस्ती आहेत की नाहीत?

उत्तर मंडळी-मंडळीप्रमाणे बदलतं. ट्रान्सिल्व्हानियातले युनिटेरियन स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. अमेरिकेतले बरेचसे आता तसं म्हणवत नाहीत. मेघालयातल्या खासी-जैंतिया टेकड्यांतली, म्हणजे जोवाईची, मंडळी बायबल वाचते, येशूची शिकवण मानते, रविवारी चर्चमध्ये जमते. तरी आपल्या धर्माला ती 'का नियाम माने वेई ब्लेई' म्हणते, म्हणजे एका देवाची उपासना करणारा धर्म. बाहेरच्या माणसाने त्यांना कुठल्या रकान्यात घालावं यापेक्षा त्यांनी स्वतः जे नाव घेतलं तेच वापरणं मला योग्य वाटतं.

ही मंडळी कुणी स्थापन केली?

हाजोम किसोर सिंग यांनी. जन्म १५ जून १८६५, चेरापुंजीचा, म्हणजे खासी लोकांच्या सोहराचा. खासी समाज मातृवंशीय आहे. कूळ आईकडून येतं आणि घर धाकट्या मुलीकडे जातं.

ते मिशनच्या शाळेत शिकले आणि कोवळ्या वयात वेल्श मिशनच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे सरकारी नोकरीत लागले आणि जोवाईला आले. उपासना सुरू केली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पदवी नव्हती, कुणी धर्मगुरूची दीक्षा दिली नव्हती, पाठीशी कुठली संस्था नव्हती. या टेकड्यांतल्या धर्माच्या इतिहासात सहसा एक परदेशी मिशनरी येतो, आणि मग त्याच्यामागून सगळं येतं. इथे तसा माणूसच नाही. पुस्तक आलं तेही मागवलं म्हणून आलं.

वेल्श मिशनशी त्यांचं बिनसलं कशावरून?

आधी मिशनने काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी २२ जून १८४१ ला चेरापुंजीला पोहोचला. त्याआधी बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी खासी भाषा बंगाली लिपीत लिहून पाहिली होती, ते रुजलं नव्हतं. जोन्सने रोमन लिपी घेतली आणि ती टिकली. आज खासीत जे काही छापलं जातं ते त्याच लिपीत. शाळा, छापील पुस्तकं, चार आवाजांत एकत्र गाण्याची सवय, हे सगळं वेल्श मंडळींनी या डोंगरांना दिलं. हाजोम सिंगही त्याच शाळांतून वर आले.

पण त्या मिशनचा पंथ कॅल्विनवादी होता. माणूस जन्मतःच पापी, तारण फक्त देवाने निवडलेल्यांचं, बाकीच्यांना नरक, अशी ती शिकवण. या हिशेबात ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही असे खासी पूर्वज कुठे जातात, ते वेगळं सांगायला नको. ज्या समाजात पूर्वजांच्या अस्थी कुळाच्या दगडी अस्थिगृहात एकत्र ठेवतात, तिथे हा प्रश्न प्रत्येक घराच्या उंबऱ्यात उभा होता. सिंग यांनी येशूची वचनं पुन्हा पुन्हा वाचली आणि त्यांना तिथे भीती दाखवणारा देव सापडेना. येशू एका देवावर प्रेम करायला आणि शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगतो आहे, आणि चर्च मात्र येशूविषयीच्या सिद्धांतांवर अडून बसलं आहे, असं त्यांना वाटू लागलं. तरुणपणीच ते चर्चमधून बाहेर पडले.

बाहेर पडून ते जुन्या खासी धर्मातही परतले नाहीत. तिथल्या बळीच्या चाली आणि भुताखेतांची भीती त्यांना नकोशी होती. दोन्हीकडची दारं मागे टाकून हा मुलगा काही काळ एकटाच होता, आणि त्या काळाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याच्यासारखा विचार करणारी माणसं जगात आहेत, हे त्याला अजून ठाऊकच नव्हतं.

ते त्याला कसं कळलं?

एका ब्राह्मो परिचिताकडून. ब्राह्मो समाजाचं काम तेव्हा या भागात पोहोचलेलं होतं. तुझं म्हणणं युनिटेरियनांशी जुळतं, त्यांचा एक माणूस कलकत्त्यात आहे, असं त्याने सांगितलं. तो माणूस म्हणजे चार्ल्स डॉल. १८५५ पासून कलकत्त्यात राहिलेला हा अमेरिकन युनिटेरियन १८७१ साली ब्राह्मो समाजाचाही सभासद झाला होता. सिंग यांनी त्याला पत्र लिहिलं. डॉलने चॅनिंग यांचे लेख धाडले.

चॅनिंग यांचा भर माणसाच्या मोठेपणावर होता. माणसाच्या आत दैवी अंश आहे, धर्माने तो वाढवावा, आणि विवेकबुद्धी ही देवानेच दिलेली असल्यामुळे धर्मग्रंथ वाचताना ती बाजूला ठेवायची नाही. बॉस्टनमध्ये लिहिलेलं हे सगळं जोवाईत दिव्याच्या उजेडात वाचताना त्या तरुणाला काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. आपण वेडे नाही, एवढं तर नक्कीच.

डॉल आणि सिंग यांची भेट झाली नाही. डॉल जुलै १८८६ मध्ये कलकत्त्यात वारले.

१८ सप्टेंबर १८८७ ला काय घडलं?

त्या रविवारी जोवाईत सिंग यांच्या घरी मोजकी माणसं जमली. प्रार्थना झाली, गाणी झाली, एका देवाविषयी बोलणं झालं, आणि सगळं खासीत. हीच या मंडळीची पहिली उपासना. आजही १८ सप्टेंबर हा त्यांचा सर्वांत मोठा दिवस आहे. टेकड्यांतल्या सगळ्या युनिटेरियन चर्चमध्ये तो वर्धापनदिन म्हणून पाळतात. २०१२ साली या घटनेला १२५ वर्षं झाली.

एवढं सगळं जोवाईतच का घडलं?

नोकरी तिथे होती, हे एक साधं कारण. पण गावही समजून घेण्यासारखं आहे. जोवाई ही जैंतिया टेकड्यांची जुनी वस्ती, मिन्तदू नदी तिच्याभोवती वळसा घालून जाते. जैंतिया राज्य इंग्रजांनी १८३५ मध्ये खालसा केलं. मग घरपट्टी आली, पाठोपाठ इतर कर, आणि लोक उठले. त्या उठावाचा नेता उ किआंग नांगबा याला ३० डिसेंबर १८६२ रोजी जोवाईच्याच इआवमुसियांग इथे, भर वस्तीत, लोकांसमोर फाशी दिलं. सिंग यांच्या घरी पहिली प्रार्थना झाली तेव्हा त्या फाशीला पंचवीस वर्षंही झाली नव्हती. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावात हिंडत-फिरत होती.

अशा गावात सत्ता परक्यांची आणि नवा धर्मही परक्यांचा. त्याच वेळी जुना धर्म चांगला जिवंत होता. जोवाईचा बेहदेइनख्लाम हा उत्सव आजही दर जुलैत होतो, मोठमोठे लाकडी खांब डबक्याच्या चिखलपाण्यात उतरवून रोगराई हाकलतात. परक्या चर्चपेक्षा वेगळं आणि जुन्या रूढींपेक्षाही वेगळं काही आपल्याच भाषेत उभं राहू शकतं, हे ऐकायला तयार असलेले कान जोवाईत होते.

म्हणजे परदेशातून काहीच मदत आली नाही?

मदत आली, पण काम उभं राहिल्यानंतर. जाबेझ संडरलँड हे मिशिगनमधल्या ॲन आर्बरचे युनिटेरियन धर्मगुरू एक मासिक चालवत. सिंग यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार जुळला. संडरलँड यांनी मासिकातून या टेकड्यांची माहिती अमेरिकेत पोहोचवली आणि पैशांची मदत मिळवून दिली. १८९५-९६ च्या हिवाळ्यात ब्रिटिश युनिटेरियनांच्या वतीने ते भारतात आले आणि १८९६ च्या सुरुवातीला थेट खासी टेकड्यांत जाऊन पोहोचले. तोवर जोवाईखेरीज आणखी काही गावांत मंडळ्या तयार झाल्या होत्या. त्या भेटीने त्यांना संघटना म्हणून एकत्र यायला बळ मिळालं.

पाहुणा गेला, काम गावकऱ्यांकडेच राहिलं. सिंग स्वतः नोकरी सांभाळून हे सगळं करत. प्रवचनं त्यांची, प्रार्थनेचं पुस्तक त्यांचं, आणि गाणीही त्यांचीच. १३ नोव्हेंबर १९२३ ला ते वारले तोपर्यंत मंडळी छत्तीस वर्षं चालली होती आणि तिला कायमचा परदेशी धर्मगुरू एकदाही मिळाला नव्हता.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

दुवा आहे तो संडरलँड यांचा. भारताच्या त्याच दौऱ्यात डिसेंबर १८९५ च्या पुणे काँग्रेसलाही ते हजर होते. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरवू द्यायची की नाही यावरून टिळक आणि रानडे यांच्या बाजूंत पुणं पेटलं होतं, तेच हे अधिवेशन. धर्मसुधारणेवरून घराघरांत काय चालतं ते या अमेरिकन पाहुण्याला पुण्यात चांगलंच पाहायला मिळालं असणार.

या दौऱ्यातून एक ठोस गोष्ट निघाली. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजातल्या तरुणांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करावा, यासाठी युनिटेरियनांनी शिष्यवृत्ती सुरू केली. लाल-बाल-पाल मधले बिपिनचंद्र पाल १८९८ मध्ये तिच्यावरच गेले. १९०१ मध्ये मुंबईच्या प्रार्थना समाजातर्फे निवड झाली ती जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांची. १९०३ पर्यंत ते तिथे शिकले. इंग्लंडमधल्या युनिटेरियन मंडळ्या झोपडपट्ट्यांतल्या गरिबांमध्ये कसं काम करतात ते त्यांनी जवळून पाहिलं, आणि परतीच्या आधी ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत निबंध वाचला. १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, त्यामागे हेही शिक्षण होतं.

म्हणजे जोवाईच्या सिंगांना पत्रं लिहिणारा आणि आपल्या शिंद्यांच्या ऑक्सफर्डच्या वाटेला कारण झालेला माणूस एकच. संडरलँड पुढे भारताच्या स्वातंत्र्याची बाजू अमेरिकेत मांडत राहिले. लाला लजपतराय अमेरिकेत असताना दोघांनी मिळून काम केलं. त्यांचं भारताच्या पारतंत्र्यावरचं पुस्तक रामानंद चटर्जी यांनी कलकत्त्यात छापलं, तर १९२९ मध्ये सरकारने ते जप्त केलं आणि प्रकाशकावर खटला भरला.

प्रार्थना समाज आणि ही मंडळी यांत साम्य किती?

विचारात पुष्कळ. एकच देव, मूर्ती नाही, माणसा-माणसांत बरोबरी, धर्मग्रंथ बुद्धीने वाचायचा. प्रार्थना समाज मुंबईत १८६७ साली निघाला, म्हणजे वीस वर्षं आधी. पण समाजातली माणसं वेगळी होती. आपल्याकडे रानडे, भांडारकर यांच्यासारखे विद्वान, शहरातले पदवीधर. टेकड्यांत मात्र शेतकरी, बाजारात बसणाऱ्या बायका, लहान नोकरीतले लोक. प्रार्थना समाज शिकलेल्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही, ही खंत शिंद्यांनाही होती. जोवाईची मंडळी मात्र गावागावांत पसरली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते. सिंग यांनी मांडलेल्या श्रद्धेच्या कलमांत देवाच्या पितृत्वाबरोबर मातृत्वही आहे. त्या काळच्या युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक चर्चांत हे क्वचितच ऐकू येई. मातृवंशीय खासी घरात वाढलेल्या माणसाला देव फक्त बाप कसा वाटेल? आणि विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या आपल्या कानांना तर त्यात काही नवल वाटणार नाही.

हे भारतातलं पहिलं युनिटेरियन चर्च का?

नाही. त्याआधीचं मद्रासचं. तिरुवेंगडम नावाचा एक तमिळ माणूस इंग्रजांच्या चाकरीत इंग्लंडला जाऊन आला, तिथे युनिटेरियन पुस्तकं त्याच्या हाती लागली, आणि विल्यम रॉबर्ट्स या नावाने त्याने १७९५ च्या सुमारास मद्रासमध्ये उपासना सुरू केली. १८१३ मध्ये पुरसवाक्कम भागात त्यांचं छोटं प्रार्थनाघर झालं. तमिळमध्ये प्रार्थना लिहिणंही त्याचंच काम.

कलकत्त्याची कथा वेगळी. विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉय यांच्याबरोबर नव्या कराराचं बंगाली भाषांतर करत होता. राममोहन ख्रिस्ती होण्याऐवजी ॲडमच युनिटेरियन झाला. मिशनरी त्याला 'दुसरा पतित आदम' म्हणत. १८२१ साली तिथे युनिटेरियन समिती निघाली, पण ती फार टिकली नाही. राममोहन यांनी पुढे ब्राह्मो सभेची वाट धरली.

या तिन्ही ठिकाणांपैकी मोठी, पसरलेली मंडळी झाली ती फक्त टेकड्यांत.

'काँग बार' या नावाने कुणाचा उल्लेख होतो?

ॲनी मार्गारेट बार यांचा. खासीत मोठ्या बहिणीला किंवा वडीलधाऱ्या बाईला 'काँग' म्हणतात. यॉर्कशायरमध्ये १८९९ साली जन्मलेल्या, मेथॉडिस्ट घरातल्या, केंब्रिजला शिकलेल्या या बाई युनिटेरियन धर्मगुरू होत्या. १९३३ मध्ये त्या भारतात आल्या त्या कलकत्त्याच्या गोखले मेमोरियल शाळेत शिकवायला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मरणार्थ सरला रॉय यांनी १९२० मध्ये काढलेली ही शाळा. १९३६ च्या सुमारास त्या शिलाँगला गेल्या आणि मग टेकड्यांतल्याच झाल्या.

गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. शिलाँगमध्ये काम नीट चाललेलं असतानाही पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या खारांग या आडवळणाच्या खेड्यात राहायला गेल्या. तिथे वीज नाही, गाडी जाईल असा रस्ता नाही. शाळा काढली, बाळंतपणाची आणि औषधपाण्याची सोय केली, गावच्याच मुलींना शिकवून तयार केलं. शाळेत कुठल्याही धर्माचं मूल यायचं आणि धर्म बदलण्याचा विषय निघायचा नाही. हा त्यांचा पक्का नियम होता. १९७३ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या नावाने तिथे मुलांसाठी वसतिगृहासारखं बालग्राम चालतं.

बार यांच्या कामाचं कौतुक करताना लोक कधी कधी असं बोलतात की जणू मंडळी त्यांनीच वाढवली. तसं नाही. त्या आल्या तेव्हा मंडळीला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः कधी तसा दावा केला नसता.

रविवारी चर्चमध्ये काय होतं?

गाणी, प्रार्थना, वाचन आणि प्रवचन. सगळं खासीत, काही ठिकाणी जैंतिया भागातल्या प्नार बोलीची झाक घेऊन. वाचन बायबलमधून होतं, पण इतर धर्मांच्या वचनांनाही मज्जाव नाही. ख्रिस्ताची देव म्हणून पूजा होत नाही.

या सगळ्यात गाणं सर्वांत महत्त्वाचं. हाजोम सिंग यांनी लिहिलेली खासी भजनं आजही त्यांच्या गीतपुस्तकात आहेत. गाण्याची पद्धत वेल्श मिशनकडून आलेली, एकत्र आणि अनेक आवाजांत; शब्द मात्र त्यांचे स्वतःचे, आणि त्यांत नरकाचा धाक नाही. मला विचाराल तर या मंडळीचं धर्मशास्त्र तिच्या गाण्यांत आहे. ज्या आजीने चॅनिंगचं नावही ऐकलेलं नाही, तिला देव एक आहे आणि तो आईसारखा आहे हे गाण्यामुळे ठाऊक आहे.

प्रवचन करणारा दर वेळी दीक्षित धर्मगुरूच असतो असं नाही. गावातली जाणती माणसं, पुरुष आणि बाया दोन्ही, उभी राहून बोलतात. दीक्षा घेतलेल्या स्त्री धर्मसेवकही या मंडळीत आहेत.

'तो नांगरोई' म्हणजे काय?

पुढे जात राहा, वाढत राहा. हे त्यांचं बोधवाक्य आहे.

खासी लोकांच्या मूळ धर्माशी यांचं नातं कसं आहे?

शेजाऱ्यांचं, आणि बरंचसं आपुलकीचं. नियाम खासी, म्हणजे खासींचा मूळ धर्म, तोही 'उ ब्लेई' या एकाच ईश्वराला मानतो. माणसाला ओळख म्हणजे देव ओळखशील, सचोटीने कमाव, आईकडचं आणि बापाकडचं नातं जाण, ही त्याची तीन मुख्य सूत्रं. युनिटेरियन प्रवचनांत ती सहज येतात, कारण ऐकणाऱ्यांच्या घरी ती आधीपासून आहेत.

त्याच काळात सोळा खासी तरुणांनी २३ नोव्हेंबर १८९९ ला 'सेंग खासी' ही संघटना काढली, ती मूळ धर्म आणि चालीरीती जपण्यासाठी. म्हणजे एकाच पिढीतले शिकलेले खासी तरुण मिशनच्या दबावाला दोन वेगवेगळी उत्तरं देत होते. एकाने जुनं सांभाळून नव्याशी सांधा जुळवला, दुसऱ्याने जुन्यालाच नव्याने संघटित केलं. या दोघांना एकत्र वाचल्याशिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची खासी जाग कळत नाही, असं माझं मत आहे. ईशान्येकडच्या इतिहासावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात ही जाग जवळपास नसतेच, याचं वाईट वाटतं.

आज किती लोक आहेत?

नऊ-दहा हजारांच्या आसपास. बहुतेक मेघालयात, काही आसामच्या लगतच्या डोंगराळ भागात. युनिटेरियन युनियन ऑफ नॉर्थ ईस्ट इंडिया ही त्यांची मध्यवर्ती संस्था. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मेघालयात सुमारे ७५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, आणि त्यांत प्रेस्बिटेरियन आणि कॅथलिक यांचं बळ मोठं. त्या मानाने ही मंडळी लहानच. तरी तिच्या शाळा आहेत, वार्षिक अधिवेशन होतं, त्याला गावोगावचे लोक जमतात, आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या युनिटेरियनांशी येणं-जाणं आहे.

त्यांचं जुनं चर्च पाहायला मिळेल का?

एकोणिसाव्या शतकातली दगडी वास्तू पाहायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. १२ जून १८९७ च्या भूकंपाने या टेकड्यांतली दगडी बांधकामं भुईसपाट केली. शिलाँगमध्ये जवळजवळ काही उभं उरलं नाही. त्यानंतर लोकांनी लाकडी सांगाडा, हलक्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर असलेली घरं बांधली. त्यामुळे या भागात कुठल्याही पंथाचं फार जुनं चर्च क्वचितच दिसतं.

या मंडळीचा वारसा कागदावर आणि तोंडी आहे. गीतपुस्तकं, सिंग यांचा पत्रव्यवहार, संडरलँड यांच्या मासिकातले वृत्तांत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. गावोगावी जुन्या लोकांचं बोलणं नोंदवून ठेवायला हवं. दमट हवा आणि वाळवी कागदाला फार वर्षं देत नाहीत.

जोवाईला जायचं तर कसं? परक्याला उपासनेला बसू देतात का?

गुवाहाटीपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून शिलाँग सुमारे १०० किलोमीटर, पुढे जोवाई साधारण ६५. शिलाँगहून जोवाईला सामायिक सुमो मिळतात. रविवारी गाड्या आणि दुकानं दोन्ही कमी, तेव्हा उपासनेला जायचं असेल तर शनिवारीच पोहोचून मुक्काम करा.

बसू देतात, आनंदाने. भाषा कळणार नाही, पण कुणीतरी शेजारी बसून इंग्रजीत किंवा हिंदीत सांगतं. फोटो विचारून काढा. दारात भेटेल त्याला 'खुब्लेई' म्हणा, नमस्कार आणि धन्यवाद दोन्हीसाठी तोच शब्द चालतो. सप्टेंबरात गेलात तर १८ तारीख साधा. पावसाळा तेव्हा पुरता सरलेला नसतो, छत्री जवळ असू द्या.